तिकीट-खिडकीवरचा नाका



ज्या परदेशी प्रवाशाला एखाद्या देशात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यानेदेखील घरून निघण्यापूर्वी संगणकावरून त्या देशाच्या सरकारची परवानगी घेतली पाहिजे, असा नियम गेल्या तीस वर्षांत एकामागून एक अनेक देशांनी केला आहे. ऑस्ट्रेलियाने १९९६ साली त्याचा आरंभ केला. अमेरिकेने १२ जानेवारी २००९ पासून तो सक्तीचा केला. कॅनडाने २०१६ मध्ये, न्यूझीलंडने २०१९ मध्ये, दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. इंग्लंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये कतारच्या नागरिकांपासून सुरुवात केली आणि २ एप्रिल २०२५ पासून फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगाल अशा शेजारच्या देशांतील माणसांनाही त्याच रांगेत आणून उभे केले. व्हिसा नको, पण परवानगी हवी, असा हा मामला आहे.

आपणांपैकी कोणी असे विचारील की, याच्याशी आपला संबंध काय? भारताचा पासपोर्ट घेऊन अमेरिकेला, इंग्लंडला किंवा कॅनडाला जावयाचे तर आपणांस व्हिसाच लागतो. ही संगणकावरची परवानगी आहे ती श्रीमंत देशांच्या नागरिकांसाठी. त्यांच्या गैरसोयीची चिंता आपण का करावी? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, या व्यवस्थेतील प्रत्येक हत्यार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडविले गेले, आणि ते प्रथम ज्यांच्यावर चालविले गेले त्यांत आपल्याकडचे मजूर, व्यापारी व खलाशी होते. तेच हत्यार आज घडविणाऱ्यांच्या नातवंडांवर चालत आहे. हा इतिहास नीट पाहिल्याखेरीज या नियमात नेमके काय वाईट आहे आणि काय तितकेसे वाईट नाही, हे कळावयाचे नाही.

प्रवाशाला परवाना लागणे ही गोष्ट मुळात नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. तो एक माषक घेऊन मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा परवाना देई. तो जवळ असेल त्यानेच जनपदात यावे वा बाहेर जावे, आणि ज्याच्यापाशी नसेल त्या रहिवाशाने बारा पण दंड भरावा. खोटी मुद्रा बाळगणाऱ्या परक्याला दंड अर्थातच अधिक. आपल्या जुन्या दप्तरांतही दस्तक व राहदारी हे शब्द भेटतात. परंतु या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट समान होती. नाका नाक्यावर होता. घाटाच्या तोंडाशी, नदीच्या उतारावर किंवा वेशीपाशी एक माणूस बसे, आणि प्रवासी त्याच्यासमोर उभा राही. तो माणूस लाचखाऊ असो, उर्मट असो, पण तो समोर असे. त्याच्याशी हुज्जत घालता येई, त्याचे पाय धरता येत, वरच्याकडे त्याची तक्रारही नेता येई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर, आगगाड्या व आगबोटी वाढल्या तसे युरोपातील बहुतेक देशांनी पासपोर्टची सक्तीच सोडून दिली. रशिया व तुर्कस्तान हे ठळक अपवाद. आपल्या आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना जो अडथळा झाला तो घरच्या समाजाचा. अमेरिकेच्या सरकारने त्यांच्यापाशी व्हिसा मागितला नाही, कारण तेथे उतरावयास तेव्हा तसे काही लागतच नसे. मात्र याच अमेरिकेने आदल्या वर्षी, १८८२ साली, चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला होता, हेही लक्षात ठेवावे. दार सर्वांना उघडे होते असे जे त्या काळाबद्दल लिहिले जाते, त्यातला ‘सर्वांना’ हा शब्द तपासून घेतला पाहिजे.

आता नाताळकडे वळू. हा दक्षिण आफ्रिकेतला इंग्रजांचा मुलूख. उसाच्या मळ्यांसाठी तेथल्या गोऱ्यांनी हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले. त्यांच्यामागून आपले व्यापारी स्वतःच्या पैशाने गेले, आणि हे मात्र गोऱ्यांना खपेना. १३ जानेवारी १८९७ रोजी मोहनदास गांधी दरबानच्या बंदरावर उतरले तेव्हा जमावाने त्यांना मारहाण केली, ही हकीकत आपण शाळेत वाचली आहे. त्याच वर्षी नाताळने बाहेरून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा जो कायदा केला, तो मात्र शाळेत शिकवीत नाहीत. त्या कायद्यात ‘हिंदी’ हा शब्द नव्हता. रंगाचा उल्लेख नव्हता. येणाऱ्याने युरोपातील एखाद्या भाषेत अर्ज लिहून सही करावी, एवढेच होते. गुजराती, तमिळ किंवा मराठी उत्तम लिहिणारा माणूस तेथे निरक्षर ठरला. विलायतेतील वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती फार पसंत पडली. साम्राज्य सर्व प्रजाजनांना समान लेखते असे म्हणावयाचे, आणि नको ती माणसे तर येऊ द्यावयाची नाहीत, दोन्ही साधले. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने हीच युक्ती घेऊन पन्नास शब्दांच्या शुद्धलेखनाची परीक्षा लावली. अधिकाऱ्याला वाटेल त्या युरोपीय भाषेत ती घेता येई. म्हणजे इंग्रजी येणारा आला तर दुसरी एखादी भाषा काढावी.

नाताळच्या कायद्यात आणखी एक कलम होते. त्याकडे इतिहासकारांचे लक्ष थोडे कमी जाते. माझे गेले, कारण माझा जन्म मालक-नोकर यांच्या कज्ज्यांत गेला. बंदी असलेला माणूस ज्या जहाजातून उतरेल त्या जहाजाच्या कप्तानाला व मालकाला दंड करावा, असे ते कलम. म्हणजे पहारा बंदरावरच्या शिपायाने करावयाचा, पण भीती घालावयाची जहाजाच्या मालकाला. मालक शहाणा असतो. दंड भरण्यापेक्षा तो तिकीटच देत नाही.

या युक्तीचे पूर्ण रूप कॅनडात दिसले. ८ जानेवारी १९०८ रोजी तेथील सरकारने हुकूम काढला की, जो माणूस आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून एकसलग प्रवास करून, तेथेच काढलेल्या थेट तिकिटावर येईल त्यालाच उतरू द्यावे. वाचताना हुकूम किती निरुपद्रवी दिसतो पाहा. यातही हिंदी माणसाचे नाव नाही. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट तिकीट देणारी व्यवस्था होती ती कॅनेडियन पॅसिफिक या कंपनीची. आणि सरकारने त्या कंपनीला सांगून ती तिकिटेच बंद करविली. झाले! कायद्याने कोणाला बंदी नाही. फक्त कायद्याला पाहिजे तसे तिकीट जगात मिळत नाही. शिवाय आशियातून येणाऱ्याने दोनशे डॉलर जवळ दाखवावे, ही अट वेगळीच.

बाबा गुरदित्तसिंग यांनी या कायद्याला कायद्यानेच उत्तर द्यावयाचे ठरविले. त्यांनी ‘कोमागाता मारू’ ही जपानी आगबोट भाड्याने घेतली. ३७६ उतारू घेऊन ती २३ मे १९१४ रोजी व्हँकूव्हरला पोहोचली. दोन महिने ती बंदरात नांगर टाकून उभी होती. उतारूंपैकी जेमतेम दोन डझन लोकांना, ते पूर्वी तेथे राहिलेले होते म्हणून, उतरू दिले. बाकीच्यांना २३ जुलैला परत फिरविले. २९ सप्टेंबर रोजी कलकत्त्याजवळ बजबज येथे ती आगबोट लागली तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि सुमारे वीस माणसे प्राणास मुकली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी १८ मे २०१६ रोजी आपल्या लोकसभेत याबद्दल क्षमा मागितली. ती मनापासून मागितली असे मी मानतो. परंतु त्याच वर्षी १५ मार्चला, म्हणजे क्षमा मागण्याच्या दोन महिने अगोदर, कॅनडाने विमानाने येणाऱ्या व्हिसामुक्त प्रवाशांसाठी आगाऊ परवानगीचा नियम लागू केला होता. दोन्हींची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. एकीकडे माणसे मेली. दुसरीकडे सात डॉलर फी भरून पाच वर्षांची परवानगी मिळते. पण यंत्र कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे. परवानगी नसेल तर विमान कंपनीने बसवून घेऊ नये, हा त्या नियमाचा कणा आहे. आणि कॅनडाच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी १९०८ साली शोधून काढले होते तेही हेच, की माणसाला बंदरावर अडविण्यापेक्षा तिकिटाच्या खिडकीवर अडविणे स्वस्त पडते, आणि त्याचा गवगवा होत नाही.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि पासपोर्ट व व्हिसा ही युद्धकाळापुरती म्हणून आणलेली बंधने कायमची झाली. आपल्याकडे १९१७ साली युद्धाच्या नियमांखाली पासपोर्टची सक्ती आली आणि १९२० साली तिचा कायदा झाला. त्याच १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून, हे निर्बंध पुढेमागे उठावेत अशी इच्छा व्यक्त केली आणि तोवर पासपोर्टचे पुस्तक सर्वत्र बत्तीस पानांचे असावे असे ठरविले. इच्छा कागदावर राहिली. पाने बत्तीस झाली.

या काळातली एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या किनाऱ्याची आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याकडचे बटलर व खानसामे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. इंग्रजी बंदरांत हिंदी खलाशी ब्रिटिश प्रजाजन म्हणून उतरत. १९२५ साली इंग्लंडच्या सरकारने ‘काळ्या परदेशी खलाशां’संबंधी हुकूम काढला. ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागदी पुरावा ज्यापाशी नसेल अशा गौरेतर खलाशाने पोलिसांत जाऊन परदेशी म्हणून नाव नोंदवावे. खलाशापाशी कागद कोठून असणार? त्याला कोणी कधी दिलाच नव्हता. आयुष्यभर ज्या निशाणाखाली बॉयलरमध्ये कोळसा ओढला, त्याच निशाणाच्या बंदरात तो एका सकाळी परका ठरला. हुकूम काढावा, अशी गळ घालणाऱ्यांत तेथील गोऱ्या खलाशांची युनियनही होती, हे मला कबूल करावे लागते. कामगार चळवळीच्या इतिहासातले हे पान आम्ही लोक भाषणांत वगळतो.

आणि खलाशाचे दैव आजही फारसे बदललेले नाही. ज्या देशाचा पर्यटक व्हिसावाचून अमेरिकेला जातो, त्याच देशाचा खलाशी जहाजावर कामाला म्हणून गेला तर त्याला मात्र व्हिसा काढावा लागतो. मौजेला जाणाऱ्याला सवलत, कामाला जाणाऱ्याला नाही.

आता आपल्या मूळ विषयाचे दोन्ही धागे ज्या सालात एकत्र येतात त्या १९८६ सालाकडे येऊ. त्या वर्षापर्यंत भारतीय माणूस इंग्लंडला भेटीसाठी व्हिसावाचून जाऊ शकत असे. विमानतळावरचा अधिकारी त्याला पाहून, चार प्रश्न विचारून निर्णय देई. १९८६ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया व घाना या पाच देशांना व्हिसा लावण्याचे ठरविले. लागलीच १९८७ साली कायदा करून, योग्य कागदांवाचून उतारू आणणाऱ्या विमान वा जहाज कंपनीला माणशी एक हजार पौंड दंड बसविला; पुढे तो दोन हजार झाला. अमेरिकेत असा दंड १९२४ पासूनच होता. आणि याच १९८६ साली अमेरिकेने उलट दिशेचा कायदा केला: काही निवडक देशांच्या नागरिकांना नव्वद दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा माफ! जुलै १९८८ मध्ये इंग्लंड हा त्या यादीतला पहिला देश ठरला, डिसेंबरात जपान. एक दार आपल्यासाठी लागले त्याच वेळी दुसरे त्यांच्यासाठी उघडले.

पण त्या माफीच्या कायद्यात दोन कलमे होती. पहिले असे की, प्रवासी ज्या कंपनीच्या विमानाने येईल तिने सरकारशी करार केलेला पाहिजे, आणि प्रवाशापाशी परतीचे तिकीट पाहिजे. पुन्हा तिकीट! दुसरे असे की, विमानतळावरच्या अधिकाऱ्याने प्रवेश नाकारला तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क प्रवाशाने अगोदरच सोडून द्यावयाचा. अपवाद फक्त आश्रय मागणाऱ्याचा. व्हिसा माफ झाला त्याची ही किंमत. सवलत म्हणून जे मिळते त्यात हक्क गहाण पडलेला असतो, हे कामगारांना समजावून सांगावे लागत नाही.

तरीही वीस वर्षे प्रवाशाला निघण्यापूर्वी काही करावे लागत नसे. विमानात एक हिरवा कागद मिळे, तो भरून खाली उतरल्यावर द्यावयाचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हवा पालटली. ३ ऑगस्ट २००७ रोजी सही झालेल्या कायद्याने या कागदाऐवजी संगणकावरची पूर्वपरवानगी आणली; तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून तिला ‘एस्टा’ म्हणतात. नाव, जन्म, पासपोर्ट, मागचे गुन्हे, संसर्गजन्य रोग, पूर्वी नाकारलेला व्हिसा, असे प्रश्न. उत्तरे सरकारी याद्यांशी यंत्रच ताडून पाहते. बहुतेकांना लवकर होकार येतो. काहींना बहात्तर तासांपर्यंत थांबावे लागते. आणि काहींना ‘प्रवास मंजूर नाही’ एवढेच शब्द येतात. का नाही, ते सांगत नाहीत. या निर्णयाविरुद्ध कोणत्याही न्यायालयाला दाद देता येणार नाही, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. ज्याला नकार आला त्याने वकिलातीत जाऊन रीतसर व्हिसा मागावा.

आणि मंजुरी मिळाली म्हणजे तरी काय मिळाले? देशात प्रवेश मिळाला असे नव्हे. फक्त विमानात बसण्याची मुभा मिळाली. उतरल्यावर अधिकारी पाहील तेव्हा खरे. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ पासून बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत निघाली. कार्ड असलेल्याने रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे. त्या दिवशी कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर घरी. कार्डाने काम मिळत नसे. दारात उभे राहण्याचा अधिकार मिळे. ज्या जुन्या गिरणी कामगारांच्या सहवासात मी वाढलो त्यांना मी ही नवी परवानगी एका वाक्यात समजावून सांगतो: हे साहेबांचे बदली-कार्ड आहे.

फीची हकीकत तर मोठी गमतीची आहे. प्रारंभी एस्टाला फी नव्हती. ८ सप्टेंबर २०१० पासून चौदा डॉलर घेऊ लागले. त्यांपैकी चार डॉलर कामाचा खर्च, आणि दहा डॉलर कशासाठी? ‘अमेरिकेला या’ अशी जाहिरात परदेशांत करण्यासाठी! आमंत्रणपत्रिकेच्या छपाईचा खर्च पाहुण्याकडून वसूल करणारा यजमान मी तरी दुसरा पाहिला नाही. २०२२ साली हे चौदाचे एकवीस झाले आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून चाळीस. इंग्लंडनेही दहा पौंडांवर सुरुवात करून ९ एप्रिल २०२५ ला सोळा केले. एकदा खिडकी बसली की दर वाढविणे सोपे असते. जकातीच्या नाक्यांचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नवे नाही.

प्रश्नही तसेच वाढतात. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की, १ मार्च २०११ नंतर जो इराण, इराक, सीरिया किंवा सुदान येथे जाऊन आला असेल त्याला ही परवानगी नाही. लष्करी व सरकारी कामावर गेलेल्यांना सूट. जखमींना औषध द्यायला गेलेल्या डॉक्टरला सूट हवी असेल तर ती मंत्र्याच्या मर्जीवर. त्या देशांचे नागरिकत्व ज्याला बापाकडून आपोआप आले आहे, पण ज्याने तो देश डोळ्यांनी पाहिलाही नाही, तोही बाद. २०१६ अखेर समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती विचारू लागले. तेव्हा ती ऐच्छिक होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती सक्तीची करण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला. आणि कोणत्या देशाला यादीत घ्यावे याची मुख्य कसोटी काय? त्या देशाच्या माणसांचे व्हिसाचे अर्ज शंभरात तीनांपेक्षा कमी नाकारले गेले पाहिजेत. म्हणजे आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अर्जांवरून आपली पत ठरावयाची.

आता तिकीट-खिडकीच्या आत जे माणूस बसते त्याच्याबद्दल बोलले पाहिजे. विमानतळावर प्रवाशांचे सामान घेणाऱ्या व तिकीट तपासणाऱ्या नोकरांत मी काही वर्षे संघटनेचे काम केले. ही मुले-मुली विमान कंपनीची नसतात, ठेकेदाराची असतात. त्यांच्या पडद्यावर परदेशच्या सरकारकडून क्षणार्धात उत्तर येते, बसवा किंवा बसवू नका. कारण येत नाही. प्रवाशाचा संताप, रडणे, शिव्या हे सर्व त्या मुलीच्या पदरी. तिला त्या सरकारचा पगार नाही, अधिकार नाही, शिक्षण चार दिवसांचे. एकदा एक प्रवासी चुकून परवानगीवाचून बसविला गेला, कंपनीला दंड झाला आणि ठेकेदाराने मुलीला कामावरून बंद केले. आम्ही तिची बाजू घेऊन उभे राहिलो. आरोपपत्र द्या, चौकशी करा, तिचे म्हणणे ऐका, मग काय ते करा, एवढेच आमचे मागणे. आणि ते मालकाला मान्य करावे लागले. मुलगी कामावर परत आली. तिच्या खिडकीसमोर रोज ज्यांना ‘मंजूर नाही’ म्हणून परत फिरविले जाते, त्यांच्यासाठी मात्र आरोपपत्रही नाही आणि चौकशीही नाही, हे त्या दिवसांत माझ्या मनातून जाईना. या विषयाचा माझा अभ्यास तेथून सुरू झाला.

दुसरी बाजू ऐकून घेतली पाहिजे. आपल्या घरात कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानेसुद्धा कोणताही देश सोडण्याचा व स्वदेशी परतण्याचा हक्क सांगितला. परदेशात शिरण्याचा हक्क सांगितलेला नाही. शिवाय पूर्वी माणूस विमानभाडे खर्चून तेथवर जाई आणि पुढच्या विमानाने परत पाठविला जाई. आता त्याला नकार घरबसल्या कळतो, ही सोयच आहे. व्हिसासाठी वकिलातीच्या दारात जे हेलपाटे आपले लोक घालतात ते पाहता, चाळीस डॉलरची ही परवानगी आपणांस देऊ केली तर आपण पेढे वाटू. केनियाने जानेवारी २०२४ पासून सर्वांचा व्हिसा रद्द केल्याचे जाहीर केले आणि त्याच्या जागी तीस डॉलरची संगणकी परवानगी आणली. भारतीय प्रवाशाला ते सोयीचे झाले. पण आफ्रिकेतल्याच ज्या अनेक देशांच्या माणसांना पूर्वी काहीच लागत नसे, त्यांना ‘व्हिसामुक्ती’च्या नावाखाली नवी फी बसली. बोभाटा झाल्यावर २०२५ मध्ये बहुतेक आफ्रिकी देशांपुरती ती उठवावी लागली. आपल्या सरकारनेही २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांसाठी अशीच योजना काढली तेव्हा तिच्या नावात ‘पोहोचल्यावर व्हिसा’ आणि ‘प्रवासाची पूर्वपरवानगी’ असे दोन्ही होते. परदेशी प्रवासी गोंधळले, तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये तिला सरळ ई-व्हिसा म्हणू लागले. हा प्रामाणिकपणा मला आवडला. वस्तूला तिच्या नावाने हाक मारावी.

गोव्याचेच उदाहरण घ्या. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना व नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. हजारोंनी ते घेतले, भारताचे सोडले, आणि युरोपच्या मुक्त संचाराच्या आधारावर ते इंग्लंडात कामाला गेले. ३१ डिसेंबर २०२० ला तो मुक्त संचार संपला. आज जो गोवेकर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातल्या भावाला भेटावयास निघेल त्याला ती सोळा पौंडांपासून पुढे चढत जाणारी परवानगी पाहिजे. त्याच घरातला जो भाऊ भारतीय राहिला त्याला व्हिसा पाहिजे. इंग्लंडात परवानगी नाकारली तर कारण कळवितात, एवढे बरे. पण अपील तेथेही नाही.

आणि येथेच मला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आठवतो. जुलै १९७७ मध्ये सरकारने मनेका गांधी यांचा पासपोर्ट ताब्यात घेतला आणि जनहितार्थ कारणे सांगता येत नाहीत असे कळविले. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालय म्हणाले की, कायद्याने ठरवून दिलेली पद्धत ही न्याय्यही असली पाहिजे, आणि ज्याच्यावर परिणाम होतो त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. तो हक्क नागरिकाचा त्याच्याच सरकारविरुद्ध होता हे खरे, आणि परक्या देशाच्या दारात तो चालत नाही हेही खरे. पण कारणे सांगितली तर राज्य बुडते, ही जी समजूत सरकारे बाळगतात तिला त्या निकालाने उत्तर दिले. नंतरच्या वर्षांत पासपोर्ट ताब्यात घेण्याचे सरकारचे अधिकार कायम राहिले आणि राज्यही बुडाले नाही.

युरोपीय संघाची अशीच योजना १२ सप्टेंबर २०१८ च्या कायद्याने ठरली आहे. पुन्हा पुन्हा लांबणीवर पडत ती २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करण्याचे जाहीर झाले. सात युरो फी ठरली होती, ती सुरू होण्यापूर्वीच वीस झाली. नाक्याचा धर्म तिलाही सुटला नाही. पण त्या कायद्यात एक गोष्ट इतरांहून निराळी आहे. यंत्र एकटे नकार देऊ शकत नाही. शंका निघाली की अर्ज माणसाच्या हाती गेला पाहिजे, नकाराचे कारण लेखी दिले पाहिजे, आणि ज्या देशाने नकार दिला त्या देशात अपील करता येते. म्हणजे यंत्र आणि सुनावणी ही एकत्र नांदू शकतात असे निदान युरोपातील अनेक सरकारांनी मिळून कागदावर मान्य केले आहे. ब्राझीलचा एखादा शिक्षक किंवा जपानमधला एखादा पेन्शनर लिस्बनच्या किंवा वॉर्साच्या कचेरीत, त्यांच्या भाषेत, आपल्या खर्चाने हे अपील कसे चालविणार, त्याला तेथे वकील कोण मिळवून देणार, आणि निकाल लागेपर्यंत त्याच्या तिकिटाचे पैसे कंपनी परत देणार की नाही, याबद्दल त्या कायद्यात मला काही सापडले नाही.